पाठक्रम आणि अर्थक्रम

मराठीच्या वर्गात मीमांसेचे नाव काढले की मुले पेंगू लागतात, हा आम्हा दोघांचाही वीस वर्षांचा अनुभव आहे. काव्यशास्त्र शिकवताना तात्पर्यवृत्तीच्या निमित्ताने मीमांसकांना घटकाभर उसने आणायचे आणि परीक्षेपुरते काम झाले की परत पाठवायचे, अशीच आजवरची रीत. जैमिनीच्या सूत्रांच्या बारा अध्यायांपैकी पाचवा संपूर्ण अध्याय 'क्रम' या एकाच विषयाला वाहिलेला आहे, हे ठाऊक असूनही त्याकडे वळण्याचे कारण कधी पडले नव्हते. कारण घडले ते तलासरीतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, तेही एका जुनाट संगणकामुळे.

यज्ञातली कोणती क्रिया आधी आणि कोणती नंतर, हे ठरवायचे कसे? लौगाक्षी भास्कराच्या 'अर्थसंग्रह' या छोट्या ग्रंथात याची सहा प्रमाणे दिली आहेत : श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. आपल्याला पहिली तीन पुरेत. 'अमुक करून तमुक करावे' असे वचनच असेल तर तो श्रुतिक्रम. (मराठीतल्या 'ऊन' प्रत्ययात केवढे सामर्थ्य आहे पाहा. जेवून, निजून, उठून : सगळा दिनक्रम त्याने बांधून घातला आहे.) ग्रंथात वाक्ये ज्या ओळीने आली त्या ओळीने क्रिया करणे हा पाठक्रम. आणि प्रयोजनावरून ठरतो तो अर्थक्रम. याचे ठरलेले उदाहरण अग्निहोत्राचे. ग्रंथात होमाचे वाक्य आधी येते, यवागू म्हणजे पेज शिजवण्याचे नंतर. पण होम त्या पेजेनेच करायचा आहे! तेव्हा पेज आधी शिजली पाहिजे, ग्रंथातली ओळ काहीही म्हणो. पाठापेक्षा अर्थ बलवान, असा निर्णय मीमांसकांनी देऊन ठेवला आहे.

आता संगणकाकडे येऊ. कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंतच्या मिनिटभरात यंत्राच्या पोटात अनेक कामे सुरू होत असतात. तबकड्या जोडल्या जातात, जाळे जागे होते, घड्याळ लागते, माहितीचे कोठार उघडते आणि मग त्या कोठारावर चालणारा कार्यक्रम उभा राहतो. या प्रत्येक कामाला संगणकाच्या परिभाषेत 'सेवा' म्हणतात. लिनक्स प्रणालीत पूर्वी या सेवांना क्रमांक दिलेले असत. फाइलच्या नावातच तो आकडा असे आणि वीस क्रमांकाची सेवा तीस क्रमांकाच्या आधी सुरू होई. शुद्ध पाठक्रम! २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी 'सिस्टमडी' नावाची नवी व्यवस्था पुढे आणली आणि २०१५ पर्यंत डेबियन व उबुंटू या दोन्ही प्रमुख वाणांनी ती स्वीकारली. तिच्यात आकडे गेले. प्रत्येक सेवा आपल्या चिठ्ठीत लिहून ठेवते की मला कोण हवे आणि मी कोणाच्या मागून येणार. त्यावरून यंत्र क्रम लावते, आणि ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही त्यांना एकाच वेळी सोडते. मीमांसकांना ही व्यवस्था मानवली असती असे आम्हाला वाटते.

मात्र त्यात एक बारीक भेद आहे. 'रिक्वायर्स' म्हणजे 'मला हा हवा', आणि 'आफ्टर' म्हणजे 'मी याच्या मागून'. या दोन गोष्टी यंत्र वेगळ्या मानते. नुसते 'आफ्टर' लिहिले तर त्याचा अर्थ इतकाच, की दोघेही येणार असू तर मी मागून येईन. तो येणारच नसेल तर मी थांबणार नाही. उलट नुसते 'रिक्वायर्स' लिहिले तर दोघेही एकदम धावत सुटतात. वाक्यार्थाची चर्चा करताना आपण आकांक्षा आणि संनिधी वेगळ्या शिकवतो, त्याची येथे आठवण होते. एकीने दुसरीचे काम होत नाही.

आमच्या ग्रंथालयात 'कोहा' ही प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये तेथे वापरात आली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, नजराणा. ती जन्मालाच आली ती त्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० हे साल ओलांडू शकणार नाही म्हणून. तारखेच्या घोळातून निपजलेली प्रणाली आमच्याकडे तारखेच्याच घोळात सापडावी, हा योगायोग काही कमी नाही.

दिवाळीच्या सुटीत ग्रंथालयाचा मुख्य खटका एकवीस दिवस बंद होता. डहाणूच्या औष्णिक केंद्रात १९९५ पासून पाचशे मेगावॉट वीज तयार होते आणि मुंबईच्या उपनगरांकडे जाते. आमच्या भागातली वीज कधी जाईल याचा मात्र नेम नसतो, म्हणून सुटीत खटका पाडून ठेवण्याची शिस्त आहे. (असो.) संगणक बंद असताना त्याचे घड्याळ मदरबोर्डवरच्या रुपयाएवढ्या सेलवर चालते. तो सेल मेला होता. अशा वेळी यंत्र एखादे भलतेच जुने साल दाखवते आणि कोणाच्याही डोळ्यांत भरते. पण सिस्टमडीतला वेळ जुळवणारा भाग आपल्याला ठाऊक असलेली शेवटची वेळ तबकडीवर जपून ठेवतो आणि सुरू होताना निदान तेथवर काटे आणून ठेवतो. परिणामी सुटी संपली त्या सकाळी यंत्र सुटीच्या आधीच्या संध्याकाळपासून पुढे चालू लागले. तारीख चुकीची, पण दिसायला शहाण्यासारखी. खोटे साल पकडता येते. एकवीस दिवसांचे अंतर पडद्याच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत कोण पाहणार?

इंटरनेटची तार त्या दिवशी दुपारी जोडली गेली आणि काटे एका क्षणात एकवीस दिवस पुढे सरकले. तोवर अकरा मुलांनी पुस्तके नेली होती. देवघेवीची मुदत चौदा दिवसांची. म्हणजे नोंदीप्रमाणे त्यांची मुदत सात दिवसांपूर्वीच संपलेली! रात्री दंडाचा हिशेब करणारा कार्यक्रम आपल्या वेळेला निमूट चालला आणि अकरा नावांपुढे प्रत्येकी सात रुपये लागले.

दुसऱ्या दिवशी तृतीय वर्षातली एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली. दंड लागल्याने तिला दुसरे पुस्तक मिळत नव्हते आणि ना-देय दाखलाही अडला होता. खिडकीवर तिला सांगण्यात आले होते की सातच रुपये आहेत, भरून टाक. ती भरायला तयार नव्हती. तिने पुस्तक उघडून तारीखपट्टी दाखवली. परिचरांनी हाताने उमटवलेला निळा शिक्का होता, त्यावर बरोबर तारीख.

"मॅडम, मी काल नेलं. शिक्का कालचाच आहे. मग उशीर कसा झाला?"

खिडकीवरच्या माणसाने तिला प्रामाणिकपणे उत्तर दिले होते : संगणक तसे म्हणतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकजण घरातून महाविद्यालयात येणारे पहिलेच. तलाठी कार्यालयापासून शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळापर्यंत 'यंत्रात तसे दिसते' हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलेले असते आणि ऐकून बहुतेकजण मागे फिरतात. ही फिरली नाही. सात रुपयांची पर्वा करण्यासारखी तिची स्थिती होतीच, परंतु तिचा रोख पैशांवर नव्हता. 'उशीर' हा शब्द आपल्या नावापुढे नको, एवढेच ती पुन:पुन्हा सांगत होती.

संगणकशास्त्राच्या एका सहकाऱ्याने आम्हाला यंत्राची दैनंदिनी उघडून दाखवली. सुरू झाल्यापासूनची प्रत्येक घटना तीत ओळीने लिहिलेली असते. कोठार उघडले, कोहा सुरू झाली, आणि त्याच्या पुष्कळ खाली 'वेळ जुळवली' अशी ओळ. त्या ओळीच्या वर एक तारीख, खाली एकवीस दिवसांनंतरची. हस्तलिखितातला प्रक्षेप इतका उघडा सापडता तर पाठचिकित्सेचे काम किती सोपे झाले असते! एकही सेवा बिघडलेली नव्हती. प्रत्येकीने आपले काम चोख केले होते. कोहाच्या चिठ्ठीत घड्याळाची वाट पाहा असे कोठे लिहिलेले नव्हते, इतकेच. होम झाला आणि पेज मागाहून शिजली.

येथे आमच्या मुलांना समजावून सांगायला मीमांसेची गरज पडली नाही. पावसाच्या आरंभी रानात भाजी उगवली तरी कवळी भाजीचा विधी होईपर्यंत ती तोंडात घालायची नाही, ही चाल वारली घरांतून त्यांना ठाऊक असते. भाजी समोर आहे म्हणून खाण्याची वेळ झाली असे होत नाही.

दंडाचे काय करायचे? सोडून देण्याची सोय प्रणालीत आहे. पण सोडून दिलेली बाकी ही आधी बाकी होती, असे नोंदीत राहतेच. माफी आणि रद्द या दोन शब्दांतला फरक मराठीच्या अध्यापकांनी तरी मानायला हवा. शिक्के प्रमाण धरून अकराही नोंदींतल्या तारखा दुरुस्त करून घेतल्या आणि दंड रद्द करवले. त्यात एक आख्खी दुपार गेली.

सेल नवा बसवला. त्यानंतर घड्याळ जुळेपर्यंत थांबणारी जी सेवा सिस्टमडीत २०१८ पासून आहे ती चालू केली आणि कोहाला तिच्या मागे उभे केले. तिसऱ्याच आठवड्यात महामार्गावरच्या खोदकामात तार तुटली. वेळ जुळेना, म्हणून कोहा उठेना. ही वाट पाहायला कालमर्यादाच नसते. डहाणूहून चारोटीमार्गे आम्ही पोचलो तेव्हा खिडकीपुढे रांग होती आणि आत यंत्र अत्यंत शास्त्रशुद्धपणे थांबून होते. आमच्यापैकी एकाचे म्हणणे, थांबले ते योग्यच झाले. चुकीच्या तारखेने पुस्तक देण्यापेक्षा वहीत लिहून देणे बरे. दुसरीचे म्हणणे, सेल नवा आहे, घड्याळ बरोबर आहे, मग बाहेरच्या साक्षीवाचून दार बंद ठेवणे हा पाठक्रमाचाच हट्ट नव्या रूपात झाला. हा वाद अजून मिटलेला नाही.

तूर्त थांबणारी सेवा बंद ठेवली आहे. परिचर सकाळी रबरी शिक्क्याचे आकडे फिरवतात, शिक्का एका कोऱ्या कागदावर उमटवतात आणि पडद्यावरची तारीख त्याच्याशी ताडून पाहतात. जुळली तर खिडकी उघडते. न जुळली तर त्या दिवशी वही.