वाट्याला आलेला चाकवत

गाजराच्या वाफ्यात गुडघे टेकले की गाजर दिसतच नाही, दिसतो तो चाकवत. पेरलेलं गाजर दोन-तीन आठवडे डोकं वर काढत नाही आणि तोवर तणाने सगळा वाफा बळकावलेला असतो. मग दोऱ्याएवढ्या हिरव्या रेघेला धक्का न लावता एकेक रोप चिमटीत धरून उपटायचं. मॅसॅच्युसेट्समध्ये, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यातल्या एका सहा एकरांच्या भाजीच्या शेतावर 2023 च्या जूनमध्ये दर शनिवारी चार तास माझं हेच काम. बरोबरीच्यांच्या लेखी ते तण होतं. कोवळ्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी ती पांढरट झाक बघून मला मात्र ताकातली भाजी आठवत होती.

शेत एका नवरा-बायकोचं. तो ट्रॅक्टरवर, ती वाफ्यांत. जूनमध्ये तिकडे सव्वापाचला सूर्य उगवतो आणि रात्री साडेआठपर्यंत आकाश सोडत नाही. बाई तो दिवस अख्खा वापरायची. कमरेला सुरी, गुडघ्यांवर ठिगळं, आणि बोलता बोलता हात सतत काहीतरी उपटत असायचा. बटाट्याच्या ओळीतून चालताना ती पानं उलटून बघे. खाली नारिंगी अंड्यांचा पुंजका दिसला की बोटाने चिरडायची. पिवळ्या पंखांवर दहा काळे पट्टे असलेला भुंगेरा दिसला की साबणाच्या पाण्याच्या बादलीत. संध्याकाळी त्या बादलीत डोकावणं मी टाळत असे.

या शेताचा माल बाजारात जात नाही. बाहेर बर्फ असतानाच, फेब्रुवारीत, शे-सव्वाशे घरं हंगामभराच्या भाजीचे पैसे आगाऊ भरतात. त्यातून बियाणं, डिझेल, मजुरी भागते. जूनपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत दर आठवड्याला जे पिकेल त्याचा वाटा. पिकलं तर सगळ्यांचं, गेलं तरी सगळ्यांचं. ते त्याला ‘शेअर’ म्हणतात. आपल्याला शेअर म्हटलं की दलाल स्ट्रीट आठवते, पण प्रकार बलुत्याच्या जवळचा वाटतो. फक्त बलुतेदार वर्षभर राबून मग खळ्यावर धान्य घ्यायचा, आणि इथे गिऱ्हाईक आधी पैसे मोजतं. पूर्ण पैसे जड जातात त्यांनी अर्धी रक्कम कामातून फेडायची. मी त्यांतली.

अमेरिकेत ही रीत रुजली ती याच राज्याच्या पश्चिम टोकाला. साउथ एग्रिमाँट गावात 1985 च्या शरदात आधी सफरचंदांचे वाटे विकले गेले, 1986 मध्ये रॉबिन व्हॅन एन या शेतकरणीच्या इंडियन लाइन फार्मवर भाजीचे. कल्पना यान व्हँडर टुइनने स्वित्झर्लंडहून आणली होती. 1986 मध्येच शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये टेंपल-विल्टनचं शेत सुरू झालं. जपानात त्याही आधी, 1970 च्या दशकात, ‘तेइकेई’ या नावाने शहरी कुटुंबांनी शेतकऱ्यांशी अशीच बांधिलकी केली होती.

‘गेलं तरी सगळ्यांचं’ म्हणजे काय, ते त्या वर्षी फार लवकर कळलं. फेब्रुवारीतल्या एका भयंकर थंड रात्री राज्यातल्या पीचच्या कळ्या झाडावरच मेल्या होत्या. मग 18 मेच्या पहाटे पारा शून्याखाली गेला. आदल्या संध्याकाळी आम्ही दहा-बारा जण पांढऱ्या कापडाचे लांबच लांब पट्टे वाफ्यांवर पसरून कडेने माती ओढत होतो, पण स्ट्रॉबेरीच्या शेवटच्या दोन ओळींना कापड पुरलं नाही. सकाळी फुलं होती तशीच टवटवीत दिसली. बाईने एक फूल जवळ धरून दाखवलं. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, मधला पिवळा गोंडा मात्र शाईचा थेंब पडल्यासारखा काळा. त्या फुलाला आता फळ धरणार नव्हतं. ती काही बोलली नाही. फूल खिशात टाकलं आणि कापड गुंडाळायला लागली.

पहिला वाटा निघाला त्या आठवड्यात क्वेबेकमधल्या वणव्यांचा धूर खाली आला होता. धुरकट उन्हात मेजावर लेट्यूस, मुळा, पालक, बोराएवढे पांढरे सलगम. एक गृहस्थ टोमॅटो कुठे आहेत म्हणून विचारत होते. (टोमॅटो ऑगस्टमध्ये. गोऱ्या माणसालाही ऋतू विसरता येतो, हे बघून मला जरा बरं वाटलं.) पुढच्या खेपेला लसणाचे दांडे आले. ऑक्टोबरात लावलेला लसूण जूनमध्ये फुलावर येतो; तो गोल वळलेला दांडा मोडला नाही तर गड्डा नीट पोसत नाही. मोडताना कट्कन आवाज येतो आणि दिवसभर बोटांना वास राहतो. दाणे आणि तिखट घालून त्याची चटणी अप्रतिम होते.

चाकवत मात्र ढिगावर कुजत होता. तिसऱ्या शनिवारी मी दोन पिशव्या भरून घरी नेला. तिकडचं डब्यातलं ताक फार दाट, म्हणून दही घुसळलं, हरभऱ्याची डाळ आणि दाणे शिजवून घातले, वरून लसणाची फोडणी. डबा शेतावर नेला. बाईने तो वाफ्यात उभ्यानेच चमच्याने संपवला.

“हे कुठून आणलंस?”

मी ढिगाकडे बोट दाखवलं. वर सांगितलं की आमच्याकडे याचं बी विकत आणून पेरतात. ती इतकी हसली की पलीकडच्या ओळीतून नवरा ट्रॅक्टर थांबवून बघायला लागला.

पुढच्या मंगळवारी वाटपाच्या मेजाच्या कोपऱ्यात एक क्रेट होता. त्यात चाकवताच्या वीस जुड्या आणि तिच्या हातची पाटी: ‘हवं तेवढं घ्या’. संध्याकाळपर्यंत चार गेल्या. त्यांतल्या दोन माझ्या. उरलेल्या सोळा कोंबड्यांनी खाल्ल्या.