परात

सात महिन्यांच्या लेकीला सेन्सरी प्ले क्लासला नेते म्हटल्यावर आई हसली. "परातीत पाणी खेळायला पैसे?"

तिथे खरंच परातच होती. कोमट पाणी, स्टीलच्या वाट्या, कुस्करलेला बीट, गार नाचणीची पेज. या वयात बाळं वस्तू तोंडानेच ओळखतात, म्हणून तोंडात गेलं तरी चालेल असंच सगळं. आईने हाताच्या अंतरावर बसायचं. फोन पिशवीत.

26 आठवड्यांची रजा संपून माझं घरून काम सुरू झालं होतं. तिला पाजतानाही मी ऑफिसचे मेसेज वाचायचे. गार पेजेला हात लागला की ती दचकते आणि आधी माझ्याकडे बघते, हे मला त्या दिवशी कळलं. मी हसले, मग तिने मूठभर पेज उचलली.

शेजारची बाई हळूच म्हणाली, "रात्री झोपते का हो तुमची?"

"नाही," म्हणाले आणि रडायलाच आलं.

"आमचाही नाही," ती म्हणाली.

आईचं खरं होतं, परात घरीही होती. तिच्याभोवती बसायला मात्र कुणी नव्हतं. आता रविवारी आम्ही दोघी आमच्याकडेच जमतो. बीट ती आणते.