चितार आळीतला आंबा

परवा भाची कोकण-गोवा फिरून आली. "मावशी, तुझ्यासाठी खास!" म्हणत तिनं हातात एक कीचेन ठेवलं. प्लास्टिकचं कासव आणि त्याच्या पाठीवर 'गोवा'. मी तोंडभरून कौतुक केलं. पण खरं सांगू? अगदी हेच कासव मी सिद्धटेकला देवळाबाहेर पाहिलंय आणि रांजणगावलाही. तिथं त्याच्या पाठीवर गणपती असतो, एवढाच काय तो फरक!

कासव शोकेसमध्ये ठेवायला गेले आणि शेजारच्या लाकडी आंब्याकडे लक्ष गेलं. त्याची गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. आज लिहूनच टाकते.

१९८६ साली आमच्या शाळेची सहल कोल्हापूर, आंबोली, सावंतवाडी अशी गेली होती. दौंडची आमची मुलं म्हणजे उसाच्या आणि रेल्वेच्या मुलखातली. आंबोलीचा घाट उतरताना निम्मी गाडी ओकली, उरलेली निम्मी गाणी म्हणत होती. सावंतवाडीत मोती तलाव पाहिला, राजवाडा पाहिला. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बसले होते. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, म्हणजे एकशे वीस पानांचा जोड. मुलांना मी तिथंच गुणाकार करायला लावला. मास्तरकी जात नाही ना! ही कला मोडकळीला आली होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांना पुन्हा कामाला लावलं आणि राणीसाहेब स्वतःही ती शिकल्या, तेव्हा कुठे ती तगली.

तिथून आम्ही चितार आळीत गेलो. दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांत लाकडाची फळं! केळी, आंबे, सीताफळं, वांगी, मिरच्या. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. हातात घेतली की वजनावरूनच कळायचं, नाहीतर खाऊन पाहावं अशी. मुलं वेडी झाली. मी मात्र सहलप्रमुख. "पैसे उधळायचे नाहीत, आणि घ्यायचंच तर भाव करून घ्यायचं," असं बजावून ठेवलेलं.

बोलल्यासारखं वागून दाखवावं म्हणून मीच पुढे झाले. फळांची एक परडी आवडली होती. दुकानदार म्हाताऱ्यांनी चाळीस रुपये सांगितले. मी वीसपासून सुरुवात केली. दोन वेळा पायरी उतरून निघून जायचं नाटकही केलं. शेवटी पंचवीसला सौदा झाला. काही न बोलता त्यांनी परडी कागदात गुंडाळून दिली. आत एक मुलगी मांडी घालून बसली होती आणि बारीक कुंचल्यानं एका आंब्याच्या गालावर लाली चढवत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मी विजयी मुद्रेनं बाहेर आले. आमच्या वर्गातला एक मुलगा मागे राहिला होता. वडील सुतार, घरची परिस्थिती जेमतेम. सहलीला त्याला आठ रुपये मिळाले होते. त्यातल्या पाच रुपयांचा त्यानं एकच आंबा घेतला होता, सांगितलेल्या भावानं.

मी म्हटलं, "अरे, भाव नाही का केलास? तीन रुपयांत दिला असता त्यांनी."

तो खाली बघत म्हणाला, "बाई, आमच्या वडिलांशी पण लोक असंच करतात. मग ते रात्री जेवत नाहीत नीट."

एवढंच बोलला आणि गाडीत जाऊन बसला. मला उलट बोलला असता तर मी रागावले तरी असते. आता काय बोलणार? मागे जाऊन उरलेले पंधरा रुपये देऊन यावं असं मनात आलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि मी गेले नाही. हॉर्न हे निमित्त. चाळीस मुलांसमोर मागे वळायची लाज वाटली, हे खरं.

परडीतली फळं मुलाबाळांच्या खेळात एकेक करून हरवली. हा एक आंबा तेवढा उरलाय.

निवृत्तीनंतर ह्यांच्याबरोबर पुन्हा सावंतवाडीला गेले. ते दुकान सापडलं नाही. दुसऱ्या एका दुकानात चकचकीत रंगाची खेळणी दिसली. दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "ती कर्नाटकातली, चन्नपट्टणची. ही इकडची आमची." चन्नपट्टणची काही कमी नाहीत, तीही कुणाच्या तरी हातचीच. पण त्या दिवसापासून मला विचारायची सवय लागली : हे कुणी केलं? कुठं केलं? किती दिवस लागतात? विकणाऱ्याला उत्तर देता आलं, की वस्तू बहुधा त्याच मातीतली असते. आणि दोन आंबे शेजारी ठेवून बघावेत. हातानं रंगवलेले असतील तर दोघांची लाली सारखी नसते. परवडत नसेल तर लहान वस्तू घ्यावी, पण पूर्ण पैसे देऊन घ्यावी. हा शेवटचा धडा मी शिकवलेला नाही, शिकलेला आहे.

भाची निघताना म्हणाली, "मावशी, दौंडची आठवण म्हणून काय नेऊ? तुमच्याकडे काय मिळतं?" क्षणभर मलाच सुचेना. जंक्शनची फलाटं का बांधून देता येतात? मग तिला केडगावकडच्या एका गुऱ्हाळावर घेऊन गेले. काहिलीतला रस उकळत होता, वाफेनं चष्मा धुरकटला. गुळव्यानं ढेपेचा भाव सांगितला. भाचीनं सवयीनं तोंड उघडलं, "काही कमी..."

मी तिचा हात दाबला आणि पैसे मोजून दिले.

ढेप उचलताना ती म्हणाली, "मावशी, तू तर पक्की घासाघीस करणारी होतीस!"

होते. असो.