दोन तिथींचे अतिथि

ज्याच्या येण्याला तिथि नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. फ्रान्स देशांत मात्र भारतांतून येणाऱ्या आप्तांना तिथीवांचून पाऊल टाकतां येत नाहीं. आणि एक तिथि पुरत नाहीं, येण्याची व जाण्याची अशा दोन लिहून द्याव्या लागतात. २०२५ सालच्या उन्हाळ्यांत पुण्याहून आमच्या मातोश्री व आत्याबाई आमच्याकडे राहावयास आल्या, तत्पूर्वीं आम्हांस गांवच्या 'मेरी'मधून, म्हणजे ग्रामकचेरींतून, आतिथ्याचे दाखले मिळवावे लागले. या देशांत लहानमोठीं गांवें व शहरें मिळून सुमारें ३५,००० 'कम्यून' आहेत, आणि लहानांतल्या लहान गांवालाही स्वतःचा मेयर असतो. घर केवढें, पाहुण्यांना निजावयास जागा कोठें, मिळकत काय, हें सारें कागदोपत्रीं दाखवून दर दाखल्यास ३० युरोंचें तिकीट दिलें म्हणजे मेयरची सही होते. आमचे मेयर द्राक्षांच्या मळ्यांतून तसेच मातीच्या बुटांनिशीं आले होते. सही करतांना त्यांनीं, "आईंना येथला उन्हाळा सोसेल ना?" एवढेंच विचारलें. पुण्याचा वैशाख त्यांनीं पाहिलेला नाहीं, हें उघडच आहे! मुक्कामाची मर्यादा ९० दिवस. कोणत्याही १८० दिवसांत त्यावर एक दिवसही अधिक नाहीं.

आम्ही राहतों तें गांव दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यांत, बेर्जराक शहरापासून थोडें आंत आहे. भोंवतीं द्राक्षांचे मळे, अक्रोडाच्या राया, आणि ज्यांत एके काळीं तंबाखू वाळत घालीत अशा लांकडी वखारी. पॅरिसहून बोर्दोपर्यंत २०१७ सालापासून वेगवान आगगाडी दोन तासांत येते. तेथून पुढें लहान गाडी. खिडकीबाहेर पाहून आत्याबाईंनीं पहिलाच प्रश्न केला, "अरे, शेतें इतकीं नीटनेटकीं, पण माणसें कोठें आहेत?" गांवांतही त्यांस माणसें दिसेनात. दुपारीं बारा ते दोन दुकानें बंद, सोमवारीं पाववालाही बंद. चौकांत १९१४ ते १९१८ च्या युद्धांत पडलेल्यांच्या नांवांचा दगड तेवढा सदैव हजर. "जिवंत माणसांहून या दगडावरचींच नांवें अधिक दिसतात," असें त्या म्हणाल्या, व त्यांत फारशी अतिशयोक्ति नव्हती.

सोंवळ्याओंवळ्याचें आतां आमच्या घरीं फारसें उरलेलें नाहीं. परंतु अभक्ष्याविषयीं दोघीही कडक. पावाची शंका लवकर फिटली. १९९३ सालच्या एका हुकुमान्वयें 'परंपरागत फ्रेंच पाव' या नांवानें जो विकावयाचा, त्यांत गव्हाचें पीठ, पाणी, मीठ, खमीर, आणि फार तर चिमूटभर कडधान्याचें पीठ एवढेंच चालतें. अंडें नाहीं, चरबी नाहीं. आत्याबाईंनीं तो हुकूम आमच्याकडून शब्दशः वाचवून घेतला आणि मगच तुकडा मोडला. चीजचें मात्र जमलें नाहीं. कोंतेसारख्या नामांकित चीजला वासराच्या जठरांतून काढलेलें विरजण नियमानेंच लागतें, हें कळतांच त्यांनीं आमचें कपाट तपासून निम्मे डबे वेगळे काढले. शेजारच्या बाईंनीं स्वागतार्थ बदकाच्या यकृताची बरणी आणली, तेव्हां तर प्रसंगच होता. तो या प्रांताचा मानाचा पदार्थ. तो नाकारणें म्हणजे आपल्याकडे हळदीकुंकू नाकारण्यासारखें. शेजारीणबाईंनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें, बरणी उचलली, आणि तासाभरानें अक्रोडांची टोपली व अक्रोडाच्या तेलाची बाटली घेऊन त्या परत आल्या.

या शेजारीणबाईंचें वय ऐंशीच्या पुढें. आम्ही २०१८ पासून त्यांचे शेजारी. रोजचा नमस्कार, हवापाण्याची चौकशी, नाताळांत एक भेट, असा आमचा सलोखा. एके सकाळीं त्या आपल्या भाजीच्या वाफ्यांतलें तण उपटून ढीग लावीत होत्या. कुंपणापाशीं उभ्या असलेल्या मातोश्री एकाएकीं ओरडल्या, "अगंबाई, हा तर चाकवत!" आणि खरोखरच तो चाकवत होता, तीच पानांवरची पिठूळ लव, तोच वास. फ्रान्समध्यें तो जेथें तेथें आपोआप उगवतो व शेतकरी त्यास शिव्या देतात. मातोश्रींनीं खुणेनें परवानगी मागून सारा ढीग पदरांत घेतला. त्या दिवशीं दही घुसळून ताक केलें, बोर्दोहून आणलेली हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे घातले, वरून लसणीची फोडणी दिली. शेजारीणबाईंना वाटीभर पाठविली, तेव्हां त्यांनीं आधीं आमच्या कन्येला खावयास लावलें आणि मग स्वतः दोन वाट्या संपविल्या. त्या म्हणाल्या, जर्मनांच्या अमलांत, १९४० ते १९४४ या काळांत, त्यांच्या आईनें रुताबागाचे कंद शिजवून पोरें जगविलीं. ओट्यापाशीं उगवणाऱ्या या पानांविषयीं मात्र तिला कोणी सांगितलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून दोघी सकाळीं एकाच वाफ्यांत बसूं लागल्या. एक फ्रेंच बोले, दुसरी मराठी. काम कोठेंच अडलें नाहीं.

आषाढी एकादशी ६ जुलैस आली. येथील दुकानांत साबुदाणा 'जपानचे मोती' या नांवानें मिळतो. जपानशीं त्याचा संबंध नाहीं, कसाव्याच्या कंदाचाच तो. उपास निर्वेध पार पडला. अडचण प्रकाशाची होती. जूनजुलैंत येथें सूर्य रात्रीं पावणेदहाच्या सुमारास मावळतो. मग सांजवात लावावी कधीं? आत्याबाईंनीं घड्याळ प्रमाण मानून सातलाच लावण्याचा निर्णय दिला, आणि भर उन्हांत देवघरांत समई तेवत राहूं लागली.

आषाढांतील संकष्टी १४ जुलैस होती. १७८९ सालीं बास्तीचा तुरुंग पडला तो हा दिवस. १८८० पासून फ्रान्सचा राष्ट्रीय सण. इतक्या उत्तरेस उन्हाळ्यांतील संकष्टीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. मातोश्री अंगणांत खुर्ची टाकून वाट पाहत बसल्या. नदीकांठच्या मोठ्या गांवांत दारूकाम चाललें होतें. तें पाहावयास शेजारीणबाईही बाहेर आल्या, व म्हातारी मंडळी उपाशी बसली आहे असें कळतांच शाल घेऊन शेजारीं बसल्या. दुभाषी आमची नऊ वर्षांची कन्या. आम्ही उभयतां स्वयंपाकघरांत मोदकांचें पाहत होतों. खिडकी उघडी होती.

येथें सांगितलें पाहिजे कीं २०२३ सालीं आमचे वडील वारले, तेव्हांपासून मातोश्री पुण्यांत एकट्या राहतात. दीर्घ मुदतीच्या परवान्याचे कागद आम्ही गोळा करून ठेवले होते. विषय काढण्याचें मात्र दोन महिने आम्हां कोणाकडूनच झालें नाहीं. तो शेजारीणबाईंनीं काढला. "तुम्ही येथेंच कां राहत नाहीं?" कन्येनें प्रश्न मराठींत नेला आणि उत्तर फ्रेंचमध्यें आणलें, आम्हांस तें दोन्ही भाषांत ऐकूं आलें. मातोश्री म्हणाल्या, "येथें माझें सगळें बोलणें मुलाच्या तोंडून. मेथीची जुडी महाग म्हणून भांडायचीसुद्धां मला सोय नाहीं. तिकडे जिन्यांत चार जणी 'जेवलांत का?' म्हणून विचारतात. घरीं कोणी नाहीं, पण जिना आहे."

शेजारीणबाई थोडा वेळ बोलल्या नाहींत. मग त्यांनीं सांगितलें कीं त्यांचा मुलगा लियोंला असतो, दर रविवारीं फोन करतो, खोली तयार आहे म्हणतो. "मग?" मातोश्रींनीं विचारलें. "वाफ्याला पाणी कोण घालणार?" असें म्हणून त्या हंसूं लागल्या, मातोश्रीही हंसल्या. कन्येला त्यांत हंसण्यासारखें काय तें कळलें नाहीं, व तिनें तें आम्हांस येऊन विचारलें. आम्ही तिच्या हातीं नैवेद्याचें ताट दिलें. चंद्र आला, अर्घ्य झालें, शेजारीणबाईंनीं मोदक तीन खाल्ले.

गोळा केलेले कागद आम्हीं खणांत ठेवून दिले. त्याविषयीं घरांत बोलणें झालें नाहीं; निघण्याच्या दिवशीं मातोश्रींनींच एकदां त्या खणाकडे पाहिलें आणि आमच्या पाठीवरून हात फिरविला.

२०२६ च्या उन्हाळ्याचे दाखले मागावयास आम्ही पुन्हां मेरीमध्यें गेलों. मातोश्रींनीं कळविलें होतें, "माझे ३० दिवस लिहा, अधिक राहिलें कीं संवय लागते." आत्याबाईंनीं, ज्यांना येथला पाऊस, शांतता, चीज आणि रात्रीं न मावळणारा सूर्य यांपैकीं कांहींच पसंत पडलें नव्हतें, पूर्ण ९० मागितले आहेत. दोघींचे आंकडे निराळे कसे, असें मेयरनीं विचारलें. आम्हीं ते तसेच लिहावयास सांगितलें.