पत्रं अंगणवाडीच्या पत्त्यावर

लालबाग, मंगळवार, २ डिसेंबर २०२५, रात्री

ताई,

फोनवर पैशांचं बोलणं निघालं की आईचे कान टवकारतात आणि लगेच गुडघे दुखायला लागतात. ‘मला कशाला मुंबई, तुम्हीच जाऊन या.’ म्हणून हे पत्र, तेही अंगणवाडीच्या पत्त्यावर. वाचलं की घरी नेऊ नकोस. पोषण आहाराच्या रजिस्टरात ठेव, ते तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

ट्रेनिंगचं काही सांगण्यासारखं नाही, पंखे चांगले आहेत. तुमच्या मुंबईच्या सहलीसाठी जे बघायचं ठरलं होतं ते बघायला लागलोय. पहिली गोष्ट, देवगिरी एक्सप्रेसनं दादरला उतरायचं नाही. मी उतरलो, पण मी एकटा आणि पिशवी एक. तिथल्या फलाटांचे आकडे दोन वर्षांपूर्वी बदलले, पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४, तरी विचारलं की निम्मी माणसं जुनाच आकडा सांगतात. आई त्या जिन्यावर श्वास घ्यायला थांबली तर मागचे दोनशे जण थांबणार नाहीत. सरळ सीएसएमटीपर्यंत या. गाडी तिथंच संपते, सावकाश उतरता येतं. पुढची लोकलही तिथूनच सुटते, आईला बसायला मिळेल. तुम्ही सगळे बायकांच्या डब्यात. बारा वर्षांखालचा पोरगा तिथं चालतो, थोरल्याला अकरावं चालू आहे, तेव्हा यंदा तरी अडत नाही. सीएसएमटी ते दादर सेकंड क्लास ५ रुपये. पाच! आपल्याकडचा रिक्षावाला पाच रुपयांत मान वळवत नाही. रिक्षा इथं नाहीतच, माहीम-सायनच्या अलीकडं त्यांना मनाई. टॅक्सीत बसल्या बसल्या ३१. बेस्टचं कमीत कमी तिकीट ५ होतं ते मे महिन्यात १० झालं, आणि अजून कुणी ना कुणी ते कंडक्टरला ऐकवतंच, जणू त्यानंच वाढवलं.

आता राहायचं. मित्राच्या ओळखीनं मी पडलोय ती मालवणकडच्या एका गावाची गावकीची खोली. दहा बाय बारा. भिंतीभर खिळे आणि खिळ्यागणिक एक माणूस, म्हणजे त्याचा शर्ट. वर फळीवर पत्र्याच्या ट्रंका, त्यांवर रंगानं नावं. त्यातली काही माणसं आता नाहीत, पण ट्रंक हलवायची नाही. चटई आपली, जागा ठरलेली. माझी दाराशी, चपलांच्या शेजारी. रात्री जो उठेल तो मला ओलांडून जातो. रात्रीचे ५० रुपये आणि पहाटे पाणी भरायला हातभार. एवढ्यात लालबागमध्ये पाठ टेकायला मिळते यावर ट्रेनिंगमधल्या कुणाचा विश्वास बसत नाही.

खोलीत एक आजोबा आहेत, गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, ती तारीख ते आपल्या लग्नाच्या तारखेसारखी सांगतात. संपाआधी इथं पाळ्यांनी झोपायचे. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच चटईवर. आणि बायका? ‘बायलो गावाक,’ आजोबा म्हणाले, म्हणजे त्यात विचारायचं काय. मी भीत भीत विचारलं, माझी आई आणि बहीण येणार आहेत, एखादी रात्र जमेल का? सगळी खोली हसली. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण उत्तर मिळालं.

दिवा घालवतायत. आईला म्हणावं, जेवतो.

तुझा,
धाकटा


गुरुवार, ४ डिसेंबर

ताई,

मार्गशीर्षातला गुरुवार आणि दत्तजयंती एकाच दिवशी आली. दादरच्या फुलबाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. वेणी हातात घ्यायची, भाव ऐकायचा, परत ठेवायची आणि पुढच्या टोपलीशी जायचं, हे बायका चालता चालता करत होत्या.

संध्याकाळी दादर पूर्वेला लॉज बघत फिरलो. शेवटच्या लॉजमधल्या माणसाचं तुला सांगतोच, नाहीतर मला झोप यायची नाही. तो मोबाइलवर क्रिकेट बघत होता, मान वर न करता म्हणाला, ‘फॅमिली आहे का?’
मी म्हटलं, आहे. आई, बहीण, तिची दोन मुलं आणि मी.
‘मिस्टर?’
‘कुणाचे?’
‘बहिणीचे.’
म्हटलं, कारखान्याचं गाळप चालू आहे, त्यांना मार्चपर्यंत सुटी नाही.
‘मग फॅमिली नाही.’
दोन खोल्या घ्याव्या लागतील, एक तुमची, एक लेडीजची. एका रात्रीचे २,२०० प्रमाणे दोन, गादी लागली तर वेगळी, गरम पाणी सहा ते आठ. मी विचारलं, माझ्या आईला कोणत्या खोलीत धरलंय? तेव्हा कुठं त्यानं वर बघितलं, आणि म्हणाला, ‘आधार सगळ्यांचे ओरिजिनल.’ ४,४०० रुपये, ताई. सहलीला ठेवलेल्या भिशीच्या बारा हजारांतले. तेही आंघोळीला आठच्या आत.

तिथून तडक शिवाजी पार्कच्या बाजूला ‘प्रकाश’मध्ये गेलो आणि साबुदाणा वडा मागवला. उपास नव्हता, राग होता. आपल्याकडं साबुदाणा म्हणजे खिचडी, तीही एकादशीला, आईच्या हातची, चिकट. इथला वडा वरून कडक. पहिला तुकडा मोडला की आतून वाफ येते, दाण्याचा कूट दाताखाली येतो, आणि चटणी इतकी जपून घातलेली की पुन्हा मागावीशी वाटते, पण मागायचा धीर होत नाही. मग पियूष. ताई, पियूष म्हणजे ताकाला साखर लावली असं समजू नकोस. श्रीखंड सैल केल्यासारखं, केशर-जायफळाचं, पेला छोटा. पहिला घोट संपेपर्यंत मी त्या लॉजवाल्याला माफ केलं होतं, दुसऱ्या घोटाला पुन्हा रागावलो. धाकटीला हे पाजायचंच. तिला एक पेला पुरेल, तुला पुरणार नाही.

रात्री आजोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, गिरणगावात ज्या थोड्या बायका राहिल्या त्या खानावळी चालवायच्या. दोन वेळचं ताट, हिशेब महिन्याचा. संप झाला, पगार थांबले, तेव्हा या बायकांची उधारीही बुडाली, तिची मोजदाद कुठल्या पुढाऱ्यानं केली नाही. त्याच खानावळवाल्यांची प्रेमा पुरव यांनी संपाआधीच, १९७५ मध्ये संघटना बांधली होती, अन्नपूर्णा महिला मंडळ, म्हणजे बँकेचं कर्ज तरी मिळावं. मला तेव्हापासून एकच दिसतंय. इथली स्वस्ताई एकट्या पुरुषाच्या मापानं बेतलेली आहे. खोली, ताट, वडापाव, सगळं उभ्यानं उरकून कामाला पळणाऱ्याचं. दोन लेकरं आणि एक म्हातारी घेऊन बाई आली की मुंबई लगेच महाग होते.

गेटवे पाहिला. ताजही पाहिला. दोन्ही जागेवर आहेत.

थंडी अजिबात नाही. आईनं बळं दिलेला स्वेटर उशाला घेतो. परभणीत कडाका असेल, तिला म्हणावं पहाटे अंगणात बसू नको.

भाकरीची आठवण येते. इथं तांदळाची मिळते, पांढरी आणि मऊ. चांगली असते. तरी.


रविवार, ७ डिसेंबर, रात्री उशिरा

ताई,

काल महापरिनिर्वाण दिन. ट्रेनिंगला सुटी, म्हणून सकाळीच शिवाजी पार्कला गेलो. गर्दी किती होती हे लिहायच्या भानगडीत पडत नाही. चैत्यभूमीची रांग कुठं सुरू होते तेच सापडेना. मैदानात मांडव, पाण्याचे टँकर, फिरते संडास, दवाखाना, आणि पुस्तकांचे गाळेच गाळे. पुस्तकं अशी घेत होते लोक जशी आपल्याकडं बाजारात पेंडीची पोती घेतात, बांधून, डोक्यावर.

तिथं कोण भेटलं असेल? समोरच्या गल्लीतल्या आत्याबाई! पांढरं लुगडं, सोबत सुना, नातवंडं, भावकी, मांडवात सतरंजी अंथरून सगळं घर मांडलेलं. आदल्या रात्री आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, ‘तू हितं काय करतूस?’ मी माझी वही दाखवली. कुठली खोली, किती भाडं, किती तिकीट. त्यांनी वहीकडं बघितलंच नाही. फडकं सोडलं. ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, वाळलेली मिरची. मी तीन खाल्ल्या. दोन दिवसांच्या भाकरी, चिवट झालेल्या, तोंडात घोळवून मऊ करायच्या.

‘बजेट कशाचं करतूस? भाकरी बांध, लेकरं उचल, गाडीत बस.’

लग्न झाल्यापासून त्या येतात, ताई. खोलीसाठी एक रुपया दिला नाही कधी. जेवण वाटणाऱ्या संस्था कोपऱ्याकोपऱ्याला होत्या, कुणी विचारत नव्हतं तू कुठला, मिस्टर कुठंयत. बाया निवांत झोपलेल्या, पोरं त्यांच्या पायांवर. मी लॉजवाल्याचं सांगितलं तर सुना हसून हसून लोटपोट. पण मी म्हटलं, आत्याबाई, हे दोन-तीन दिवसांचं झालं. परवा याच मैदानात सतरंजी टाकली तर उठवतील. त्या म्हणाल्या, ‘आसंल. बाकीच्या दिवसाची मुंबई मला काय ठावं, मी कधी आलेच न्हाई.’ खरंच आहे. गेटवे त्यांनी पाहिलेला नाही. विचारलं, बघायचाय का? म्हणाल्या, तिथं काय हाय?

दुपारी त्यांनीच मला परळला नेलं, बीआयटी चाळीत. बाबासाहेब १९१२ ते १९३४ तिथं राहिले, खोली ५० आणि ५१. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबरात पाडायला बंद केलाय, त्यामुळं मोठा वळसा. माझ्या टाचेला फोड आला, आत्याबाई पुढं. वर लांब अंधारा व्हरांडा, दोन्ही अंगांना दारं, कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी. आत्याबाईंनी चौकटीला हात लावून कपाळाला लावला, आणि मग गृहिणीच्या नजरेनं आत बघितलं. ‘एवढ्याशा जागेत सगळं घर. आन् वरून ती पुस्तकं.’ पुस्तकांना जागा पुरेना म्हणून पुढं दादरला राजगृह बांधलं, ते त्यांना माहीत होतं. त्यांना काळजी पडली होती रमाबाई भांडी कुठं ठेवत असतील याची.

आज राणीबाग. बुधवारी बंद असते, लक्षात ठेव. मोठ्या माणसाला ५०, लेकराला २५, आणि कुटुंबाला मिळून १००. कुटुंब म्हणजे आई, वडील आणि दोन मुलं. पुन्हा भाऊजींवर येऊन अडलं! खिडकीवाल्याशी वाद घातला नाही, तो बिचारा उन्हात होता. पेंग्विन आहेत, एसीत. कोरियाहून आणलेत. धाकटी तिथून हलणार नाही.

आता माझं मत सांगतो, ठरव तू. नाताळच्या सुटीचा नाद सोड, देवगिरीला मोठं वेटिंग आहे. २६ जानेवारी सोमवारी येते. शुक्रवारी २३ ला संध्याकाळी निघा, मी पुन्हा रजा टाकून सोबत येतो. शनिवारी सकाळी सीएसएमटी. लॉज नको. पक्कं तिकीट असलं तर स्टेशनातच रेल्वेची विश्रांतीखोली त्या पीएनआरवर मिळते, एक रात्र तिथं काढू. मिस्टर कुठंयत हे तिथं कुणी विचारणार नाही, तिकिटावर नाव आहे ना, बास. शनिवारी राणीबाग आणि चौपाटी. रविवारी सकाळी गिरगाव. टिळकांच्या काळचा १८९३ चा गणपती जिथला, ती केशवजी नाईकांची चाळ आईला बाहेरून दाखवू, खोताच्या वाडीतून हिंडू, मग दादरला पियूष, आणि रात्रीच्या देवगिरीनं परत. एसटीनं तुझं आणि आईचं तिकीट अर्धं पडतं, तो हिशेबही केला, पण एवढ्या लांब आईचे पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत. रेल्वेनं म्हाताऱ्यांची सवलत २०२० मध्ये बंद केली ती केलीच, आईला पूर्ण तिकीट.

सगळं धरून नऊ हजारांच्या आत बसतं. उरलेल्यात तू स्वतःसाठी काही घे. दादरला साड्यांची दुकानं स्टेशनाला चिकटूनच आहेत, मी बाहेर उभा राहीन, घाई करणार नाही.


मंगळवार, ९ डिसेंबर

ताई,

घाईत. शनिवारी निघतोय, तोपर्यंत तुझं उत्तर पत्रानं यायचं नाही, तेव्हा अंगणवाडीतून फोन कर, दुपारी दीडला माझी जेवणाची सुटी असते.

पोरांना लालबागच्या चिवडा गल्लीतला चिवडा घेतलाय, दोन प्रकारचा. मसाला गल्लीतून जाताना शिंका येऊन येऊन डोळे सुजले. दुकानदार हसला आणि एक किलो मालवणी मसाला गळ्यात मारला. तिखट आहे, आईच्या डब्यात मिसळू नकोस.

आजोबांना तुमचा बेत सांगितला. त्यांची सून करी रोडला राहते, रविवारी दुपारी तुम्हाला जेवायला बोलावलंय, आई माळकरी आहे हेही त्यांनी तिला सांगून टाकलं. मी नको नको म्हणत होतो. जायचं का? मला वाटतं जावं. पण मग गिरगाव सकाळी लवकर उरकावं लागेल, पोरं उठतील का?

दोन्ही पोरांच्या आधारची झेरॉक्स बघून नावं तिकिटाला जशीच्या तशी पाठव. धाकटीचं आधारवर आडनाव चुकलंय ना, ते दुरुस्त झालं का? पत्र मिळताच कळव, २३ तारखेच्या बर्थ भरत चालल्यात, आणि आईला खालचीच हवी.

तुझा,
धाकटा