वर्षाकाठी एक भरती

आम्हा सांगलीकरांच्या तोंडी कोयना म्हणजे नदी नव्हे, आकडा. श्रावणात झड लागली की चहाच्या टपरीपासून बँकेच्या रांगेपर्यंत एकच विचारणा: "कोयनेतनं किती सोडलंय?" उत्तर क्युसेकमध्ये येतं. मग दुसरा आकडा आयर्विन पुलापाशी पाण्याच्या पातळीचा. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात तो साडेसत्तावन्नला गेला. आमच्या बैठकीच्या खोलीत त्या पाण्याची रेघ अजून आहे. दोनदा रंग काढला, तरी नेमक्या तिथंच भिंत फुगते.

ही कोयना उगमाकडं कशी दिसते, हे पन्नाशी उलटेपर्यंत मी पाहिलेलं नव्हतं. जर्मनीतला भाचा दर उन्हाळ्यात मित्रांबरोबर भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटाच्या किनाऱ्यानं आठवडाभर शिडाची नौका भाड्यानं घेऊन फिरतो. त्याचे फोटो बघून नात मागं लागली, "आपणपण बोट भाड्यानं घेऊ." घेतली. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढलो, कासच्या वाळल्या पठारावरून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी बामणोलीला उतरलो.

बामणोलीच्या धक्क्यावर माणशी भाडं नसतं, अख्खी लाँच ठरवायची. वासोटा किल्ल्याला जायचं तर वनखात्याचा परवाना आधी. अंधारापूर्वी परत यायचं, ही अट. नौकेवर ना पलंग, ना स्वयंपाकघर. लाकडी फळ्या, वर पत्रा, आणि मागं धडधडणारं इंजिन. नातीला एवढं पुरेसं होतं. तिनं बसल्या बसल्या हात पाण्यात सोडला.

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसते, असं भाचा सांगतो. शिवसागराला आहे, पण वर्षाकाठी एकच. पावसाळ्याअखेर तो तुडुंब भरतो आणि वैशाखापर्यंत उतरत जातो. डिसेंबर होता, ओहोटी नुकती लागलेली. हिरवं रान आणि पाणी यांच्यामध्ये तांबड्या मातीचा पट्टा उघडा पडला होता, धुतलेल्या लुगड्याच्या काठासारखा. पुढं पाणी आणखी सरकलं की तिथं गाळपेर होते. हा किनाराही खरा किनारा नव्हेच. डोंगराच्या कमरेपर्यंत पाणी आलंय, तिला आपण काठ म्हणतो. आत शिरलेली प्रत्येक खाडी म्हणजे एखादा ओढा, आणि ओढ्याकाठी कुठंतरी गाव असणारच.

तासाभरानं एके ठिकाणी नावाड्यानं इंजिन हळू केलं. मला वाटलं, बिघडलं.

"काय झालं दादा?"

"काय न्हाई. आमचं घर हुतं हितं. वडलांचं. म्या न्हाई बगितलं. वडील हितं वल्हं थांबवायचं, म्हून मी इंजिन कमी करतो."

धरण साठच्या दशकाच्या सुरुवातीला भरू लागलं. गावं उठली; कुणी ठाणे-रायगडाकडं गेलं, कुणी सोलापूरला. जे वर सरकून डोंगरातच राहिले, त्यांची मुलं माथाडी होऊन मुंबईला. आपण हौसेनं ठरवतो ती लाँच म्हणजे खोऱ्यातल्या माणसाची एसटी. आमच्या शेजारून एक गेली. तीत सिलिंडर, शेळी, आणि डोक्यावर पदर घेतलेली बाळंतीण.

पुढं वासोटा दिसला. पंतप्रतिनिधींच्या ताई तेलिणीनं पेशव्यांच्या बापू गोखल्यांशी कित्येक महिने झुंज दिली तो हा गड. आम्ही चढलो नाही. माझे गुडघे नाही म्हणाले. पायथ्याशी डबा सोडला, भाकरी आणि खर्डा.

मला त्या पाण्याचंच नवल वाटत राहिलं. जलाशयाची साठवण 105 टीएमसी. त्यातलं साडेसदुसष्ट टीएमसी वर्षाला पश्चिमेकडं वळवता येतं: सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला, विजेची चाकं फिरवून वाशिष्ठीत, चिपळूणवरून अरबी समुद्रात. उरलेलं नदीच्या जुन्या वाटेनं पाटण, कराडचा प्रीतिसंगम, मग आमच्या सांगलीच्या घाटावरून थेट बंगालच्या उपसागराकडं. एकाच तळ्यातल्या शेजारी-शेजारी दोन थेंबांची पुन्हा गाठ पडणं कठीण. नातीच्या ओंजळीतलं पाणी कुठल्या समुद्राचं, हे तिला कोण सांगणार?

"तुमी कुठलं?" नावाड्यानं विचारलं.

"सांगली."

तो क्षणभर माझ्याकडं बघत राहिला. "2019 ला लई झालं न्हवं तुमच्याकडं? आमी टीव्हीवर बगत हुतो. घरं बुडल्याली."

काय बोलावं ते सुचेना. आमच्या घरातलं पाणी आठ दिवसांत ओसरलं होतं. भिंतीवरच्या रेघेचं कौतुक मी पाहुण्यांना सांगत आलोय, तेही त्याला सांगवेना. "हो, झालं खरं," एवढंच म्हणालो.

उन्हं कलली तसा वारा उठला. पाण्यावर बारीक चुण्या पडल्या, समोरचे डोंगर निळे पडत गेले. नात पेंगत होती, हात तसाच पाण्यात. मघाची जागा आली आणि इंजिनाची धडधड पुन्हा खाली उतरली. या खेपेला मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. नातीचा हात मी अलगद वर घेतला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला.