उन्हातली बाटली

रेटिनॉल हा शब्द आता आमच्या मोहल्ल्यातल्या शिलाईच्या दुकानातही ऐकू येतो. मोबाइलवर कुणीतरी बाई चेहऱ्यावर थेंब टाकताना दिसते आणि ईदच्या बाजारात तशाच बाटल्या हातगाड्यांवर येतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. इंग्रजीही वाचता येतं, एवढ्या भांडवलावर मोहल्ल्याची लेबलवाचक झाले आहे. बिस्किटाच्या पुड्यावरचं जिलेटिन शोधता शोधता यंदा गाडी रेटिनॉलवर आली.

तीन बाटल्या आल्या, तिन्ही पारदर्शक काचेच्या. एक तर दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या गाडीवरून घेतलेली, चारशे रुपयांना. चारशे रुपये म्हणजे घेणारीची दोन ब्लाउजांची शिलाई. आमच्याकडचे अत्तरवाले चाचासुद्धा कुपी उन्हात ठेवत नाहीत, आणि रेटिनॉल तर अत्तराहून नाजूक.

त्याचं असं आहे. रेटिनॉल म्हणजे जीवनसत्त्व अ. त्याच्या रेणूत पाच दुहेरी बंध एकाआड एक बसलेले असतात. याच बंधांवर उजेड, हवा आणि उष्णता आधी घाला घालतात. रेणू मोडला की औषधपण गेलं. बाटली मात्र भरलेलीच दिसते. दुधासारखं नासलं असतं तर निदान वासावरून कळलं असतं!

मग कंपन्यांनी एक तोड काढली. रेटिनॉलला पामिटिक आम्लाची जोड दिली की रेटिनिल पामिटेट होतं. ते बरंच टिकाऊ. पण त्वचेत गेल्यावर ही जोड सुटायला हवी, तेव्हा रेटिनॉल मोकळं होतं. त्याचं रेटिनाल्डिहाइड व्हायला हवं आणि शेवटी रेटिनॉइक आम्ल. पेशींवर खरं काम करतं ते हे शेवटचं. प्रत्येक पायरीवर थोडंच पुढे सरकतं. म्हणजे बाटलीत जे टिकतं ते त्वचेत मंद, आणि त्वचेत जे जोरकस ते बाटलीत टिकेना. या विषयातली खरी कसरत ही आहे. लेबलावर टक्का मोठा छापणं सोपं काम.

एकीने विचारलं, "आपा, हलाल आहे का हे? अ जीवनसत्त्व तर कलेजीत असतं ना?" प्रश्न मला आवडला. बाजारातलं रेटिनॉल कलेजीतून काढत नाहीत. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोश कंपनीतल्या ओटो इस्लर यांनी ते कारखान्यात बनवण्याची वाट काढली. त्यासाठी लागणारं आयोनोन पूर्वी गवती चहाच्या जातकुळीतल्या गवताच्या तेलापासूनही करत, आणि ते तेल केरळातून परदेशी जाई. आता बहुतेक पेट्रोलियमपासून मिळणाऱ्या रसायनांपासून करतात. बाटलीतल्या बाकीच्या पदार्थांचं मात्र एकेक नाव वाचूनच सांगावं लागतं.

दुसरी नवी सून, चौथा महिना चालू. तिला मी विचारपूस न करताच सांगितलं, बेटा, ही बाजूला ठेव. याच घराण्यातलं आयसोट्रेटिनॉइन पोटात घेतलं तर गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून गरोदरपणात त्वचेला लावायची रेटिनॉइडंही टाळायला डॉक्टर सांगतात. तिच्या बाटलीवर यातलं अक्षरही नव्हतं. "रंग उजळतो" एवढं मात्र ठळक. मुरुम आणि बारीक सुरकुत्या हे याचं खरं काम. पण स्थळं बघायला येणाऱ्यांना रंगच दिसतो, त्याला कुठलं रसायन पुरणार?

चांगला माल बनवणारे काय करतात? भरताना बाटलीतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरतात. बीएचटी किंवा जीवनसत्त्व ई घालतात, म्हणजे हवेतला ऑक्सिजन आधी त्यांच्यावर जातो. अॅल्युमिनियमची बारीक तोंडाची नळी किंवा हवा आत न घेणारा पंप वापरतात. काहीजण रेटिनॉल मेदाच्या सूक्ष्म पुटकुळ्यांत किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या साखरेच्या कड्यात कोंडतात. पुटकुळीतून ते हळूहळू सुटतं, म्हणून आग आणि सालं निघणं कमी होतं. खूप आणि एकदम आत गेलं म्हणजे चांगलं, असं इथे नाही.

युरोपीय संघाने २०२४ साली नियम केला: चेहऱ्याच्या प्रसाधनात ०.३ टक्के आणि अंगाच्या लोशनमध्ये ०.०५ टक्के, याहून जास्त रेटिनॉल नको. कारण अ जीवनसत्त्व खाण्यातूनही अंगात जातं, आणि दोन्हींची बेरीज होते. आमच्या गाडीवरच्या बाटलीवर २.५ टक्के छापलं होतं. ते खरं असेल तर जास्त आहे, आणि महिनाभर उन्हात राहून उरलं नसेल तर चारशे रुपयांचं नुसतं तेल.